ऐंशी टक्के घरचे

मंगळवार, १ जुलै
उपाशीपोटी साखर १४८.

ही वही डॉक्टरीणबाईंनी दिली. रोज सकाळचा आकडा लिहायचा आणि महिन्यानं दाखवायची. एवढ्या जाड वहीत दिवसाला एक आकडा म्हणजे शुद्ध नासाडी. नासाडी मी कारखान्यात चालू देत नाही, वहीत कशी देईन? म्हणून उरलेल्या पानावर मनातलं लिहितो. डॉक्टरीणबाई, तुम्ही वाचत असाल तर आकडा बघा आणि पान उलटा.

आज उद्योजकांच्या बैठकीत मी भाषण ठोकलं. निम्मे लोक कर्नाटकात जायचं म्हणत होते. हद्दीपलीकडं वीज स्वस्त, जागा स्वस्त आणि तिथलं सरकार पायघड्या घालतंय. माझा जुना दोस्त सयाजी दोन वर्षांपूर्वीच निपाणीच्या पलीकडं फाउंड्री घेऊन गेला. आता भेटला की नातवाचा फोटो दाखवावा तसं विजेचं बिल दाखवतो. मी उठलो आणि म्हणालो, "अण्णासो बेडगेची भट्टी शिरोलीत पेटली, शिरोलीतच पेटणार! पंच्याऐंशी घरांच्या चुली त्या भट्टीवर हायत. मी कुठं जात न्हाई!" टाळ्या पडल्या. नुसत्या टाळ्या नाहीत, बाकं वाजली.

घरी आल्यावर त्रिशलेनं विचारलं, "आणि विजेचं बिल कोण भरणार, ती बाकं?" पस्तीस वर्षांचा संसार झाला, पण बाईनं एकदा तरी सरळ कौतुक करावं!

आदिती मात्र हसली नाही. आमची एकुलती एक लेक, इंजिनियर, तीन वर्षं माझ्यासोबत कारखान्यात बसते. ती म्हणाली, "पप्पा, असंच चाललं तर दीड वर्ष. मग एक तर पलीकडं जायचं, नाही तर कुलूप." मी म्हटलं, बघू. पण रात्रीचं जेवण काही गोड लागलं नाही.

मंगळवार, ८ जुलै
साखर १३९. (कारल्याचा रस. त्याबद्दल बोलत नाही.)

मार्ग सापडला! राज्य सरकारनं सवलत काढलीय. जो कारखानदार राज्य सोडणार नाही, कारखाना इथंच वाढवेल आणि माणसं इथलीच ठेवेल, त्याला राज्याच्या वाट्याचा कर सात वर्षं परत, वर विजेवर सूट. मी आदितीला म्हटलं, ही योजना माझ्या भाषणावरनंच काढली की काय!

अर्जाचं काम सम्राटला दिलंय. कर सल्लागार, वय तीस, केस असे चप्प की माशी बसली तर घसरेल. पण पोरगं हुशार. तो म्हणाला, "काका, एकच अट जपायची. कामगारांत ऐंशी टक्के लोक राज्यातले पाहिजेत." मी हसलोच. "ऐंशी काय घेऊन बसलास? शंभर लिही. सगळी घरची माणसं हायत."

चारला इलाही आला. इलाही शिकलगार, आमचा मोल्डिंगचा मिस्त्री. एकतीस वर्षांपूर्वी पहिली भट्टी लागली त्या दिवसापासनं आहे. हजेरीचं कार्ड नंबर तीन. एक नंबर माझा, दोन माझ्या थोरल्या भावाचा. तो गेला. रोज चारला इलाही साच्याच्या वाळूची मूठ भरून ऑफिसात येतो आणि माझ्या टेबलावरच्या पेपरवर मूठ उघडतो. वाळूच्या गोळ्यावर त्याची चार बोटं उमटलेली असतात. मग तो गोळा मधोमध मोडतो. कड साफ मोडली तर वाळू बरोबर. भुगा झाला तर कोरडी. मोडायच्या ऐवजी वाकला तर पाणी जास्त, आणि पाणी जास्त म्हणजे ओतलेल्या लोखंडात फुगे. ओलावा मोजायचं जर्मन मशीन आहे माझ्याकडं, पण इलाहीची मूठ त्याच्या आधी सांगते. मग दोघांचा चहा. मला बिनसाखरेचा, त्याला दोन चमचे जास्तीचे. "तुमची साखर मी खातो अण्णा, तुमी वही लिवा," म्हणतो.

त्याला सवलतीचं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "म्हंजे कारखाना हितंच ऱ्हातोय न्हवं?"

"हितंच."

"मग बास की."

बोलताना मधेच कानडी 'अव्वा', 'अक्का' करतो, थेट आमच्या आईसारखं. तो तिकडचा, सदलग्याकडचा. मला ते ऐकायला बरं वाटतं.

मंगळवार, २२ जुलै
साखर १६१. आज आकडा वाढणारच होता.

सम्राटनं पंच्याऐंशी जणांचे शाळा सोडल्याचे दाखले गोळा केले. त्यावर जन्माचं गाव असतं. एकवीस दाखले बाजूला काढून टेबलावर ठेवले. सदलगा, बोरगाव, कारदगा, बेडकिहाळ, निपाणी. सगळं कर्नाटक. पंच्याऐंशीत चौसष्टच आपले, म्हणजे पंचाहत्तर टक्के. मी म्हटलं पुन्हा मोज. त्यानं पुन्हा मोजले. दाखले काही कमी झाले नाहीत.

"सोपं आहे काका," सम्राट म्हणाला. "एकवीसातले पाच कमी करा. ऐंशीत चौसष्ट, बरोब्बर ऐंशी टक्के."

"काढू म्हणतोस?"

"काढायचं कोण म्हणतंय? ठेकेदाराच्या यादीवर टाकायचे. त्या यादीतली माणसं मोजत नाहीत. काम तेच, जागा तीच, मशीन तेच."

आदिती म्हणाली, "पप्पा, दाखल्यावरचं गाव आणि राहायचं गाव एकच असतं का? आपण एकेकाला विचारूया तरी." हे नव्या पोरांचं असं असतं. एकवीस जणांना विचारायला गेलो तर चहाच्या सुट्टीपर्यंत पंच्याऐंशी जणांत बोंब. एवढ्याशा कामाला एवढा इस्कोट कशाला? कागद बोलतोय की.

पाच कोण, हे ठरवायला मला दोन मिनिटं लागली नाहीत. पहिलं नाव इलाहीचं लिहिलं. परक्याला हात लावला की तक्रार येते, घरचा माणूस समजून घेतो. आपलेच दात, आपलेच ओठ. उरलेले चार त्याच्याच हाताखालचे. तो राजी झाला की ते राजी.

गुरुवार, २४ जुलै
साखर १४४.

इलाहीशी बोललो. चारच्या चहाच्या वेळीच सांगितलं, म्हणजे वातावरण हलकं राहतं. सवलत, ऐंशी टक्के, ठेकेदार, सगळं नीट समजावलं. पगारात फरक नाही हे तीनदा सांगितलं. तो मूठ मिटूनच ऐकत होता.

"माझं नाव कुठल्या कागदात निगालं?" त्यानं विचारलं.

"शाळेच्या दाखल्यात. जन्म सदलगा."

"व्हय. जलम सदलग्याचाच हाय." मग जरा थांबून म्हणाला, "अण्णा, तुमास्नी मला आनि काय इचारायचं न्हाई?"

"अरे नाही रे, सगळं ठरलंय. तू निर्धास्त राहा."

त्यानं सही केली. चहा निम्मा ठेवला आणि उठला. वाळूचा गोळा मोडायचा विसरला, तसाच पेपरवर ठेवून गेला. मग मीच मोडला. कड कशी साफ! माणूस म्हणजे सोनं. एका शब्दानं वाद घातला नाही. त्रिशलेला सांगितलं तर ती म्हणाली, "वाद घातला नाही म्हणजे काय झालं असेल, याचा विचार केला का?" बायकांना सगळ्यात काही तरी दिसतं.

शनिवार, २ ऑगस्ट
साखर १३३.

काल पाचही जण ठेकेदाराकडं गेले. कायम कामगारांचं हेल्मेट पांढरं, ठेक्यावरच्यांचं पिवळं. इलाहीनं आपलं कार्ड स्वतः आणून दिलं. फडक्यानं पुसून चकाचक केलेलं. मी म्हटलं, ठेव की आठवण म्हणून. तो म्हणाला, "आठवण कशाची?" आणि टेबलावर ठेवून गेला.

ठेक्यावरची माणसं मागच्या फाटकातनं येतात, तिथं वेगळी नोंद असते. मी वॉचमनला सांगितलं, इलाहीला पुढनंच सोड. वॉचमन म्हणाला, "मी सांगितलं साहेब, पण मिस्त्री स्वतःच मागं जातोय." नियमाचा पक्का माणूस!

शनिवार, ९ ऑगस्ट
साखर १३६.

आठवडाभर इलाही चारला वर आला नाही. ऑफिसला अठरा पायऱ्यांचा जिना आहे, बावन्न वय आहे, गुडघे धरले असतील. मी शिपायाकडनं चहा खाली पाठवला, दोन चमचे साखर घालून. कप भरलेला परत आला. त्यालाही साखरेचं झालं की काय?

कास्टिंग्ज जरा खराब निघतायत. शंभरात चार टाकाऊ निघायची, आता सात. पावसाळी हवा, दुसरं काय. जर्मन मशीन वाळू बरोबर असल्याचं सांगतंय.

मंगळवार, १२ ऑगस्ट
साखर १२७!

अर्ज गेला! ऐंशी कामगार, चौसष्ट स्थानिक, ऐंशी टक्के, एक कागद कमी नाही. पेपरात माझा फोटो आलाय, 'मातीशी इमान राखणारा उद्योजक'. कापून ऑफिसात लावला. आदिती म्हणाली, "त्या भिंतीवर खिळा कशाला ठोकलात, तिथं आधी एक चित्र होतं." कसलं चित्र होतं ते मला आठवलं नाही. नंतर शिपाई म्हणाला, पहिल्या भट्टीच्या पूजेचा फोटो होता, तुम्ही, थोरले अण्णा आणि मिस्त्री.

गुरुवार, २१ ऑगस्ट
साखर १७२. मला विचारू नका.

इलाही सहा दिवस कामावर नाही. मला वाटलं ताप. आज ठेकेदाराला विचारलं तर तो सुपारी चघळत म्हणाला, "त्यो तर सोडून गेला की मालक." सोडून गेला! आणि हे मला आज कळतंय.

दुपारी सयाजीचा फोन. "अण्णा, तुझं आभार मानायला फोन केला. तुझा मिस्त्री मंगळवारपासनं माझ्याकडं."

"तुझ्याकडं?"

"मग? आमच्या सरकारलाबी सवलतीसाठी स्थानिक माणसं पायजेत. दाखला बघितला, जलम सदलगा. आमच्या यादीत पयला नंबर! तू सोडलास, आमी धरला." आणि हसला. त्याचं हसणं तसंही पत्र्यावर खडे टाकल्यासारखं आहे.

मी फोन आपटला. एकतीस वर्षं! सख्ख्या भावासारखा वागवला, दिवाळीला कधी घरी बोलवायचा राहिला नाही, आणि जाताना तोंडदेखलं सांगितलंसुद्धा नाही. वर 'गद्दार' लिहिलं होतं ते खोडलं. का खोडलं ते ठाऊक नाही.

आज शंभरात अकरा टाकाऊ. फोडून बघितलं तर आत फुगे.

शुक्रवार, २९ ऑगस्ट
साखर १५०.

आमचं जैनांचं दशलक्षण पर्व कालपासनं सुरू झालं. दहा दिवस एकवेळ जेवण, तेही सूर्य मावळायच्या आत, आणि रोज एका गुणाचं चिंतन. आज उत्तम मार्दव. मार्दव म्हणजे गर्व सोडणं. त्रिशलेनं हे सकाळी मला दोनदा सांगितलं, बाकी कुणाला नाही.

अकराला अर्जाच्या कार्यालयाकडनं ईमेल आला. आदितीनं मोठ्यानं वाचला आणि मधेच थांबली. अर्जदाराच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ बेडकिहाळ, परराज्य. अर्जदार राज्याचा रहिवासी असल्याचा पुरावा जोडावा, नाही तर अर्ज विचारात घेता येणार नाही.

अर्जदार म्हणजे मी!

मी एवढा ओरडलो की खालनं दोघं धावत आले. मी परराज्यातला? ज्याचा फोटो पेपरात आला तो? माझा बाप शाहूपुरीत, मी शाहूपुरीत, जन्म सोडला तर माझं आयुष्य पंचगंगेच्या पाण्यावर गेलंय! घरी जाऊन त्रिशलेपुढं पण हेच ओरडलो. ती फुलं निवडत होती. तिनं ऐकलं आणि जी हसायला लागली ती थांबेचना. पर्वात एवढं हसू नये असं मी सांगून बघितलं.

"अहो, तुमच्या आईचं माहेर बेडकिहाळ. पहिलं बाळंतपण माहेरी, हे काय आज निघालंय? थोरले भाऊजी म्हणायचे तुमचे, पण ते चुलत. सख्ख्यात पहिले तुम्हीच. आपली आदिती कुठं झाली? माझ्या माहेरी, सांगलीत. नशीब माझं माहेर हद्दीच्या अलीकडं, नाही तर उद्या तिलाही काढलं असतं यादीतनं."

मग हसू थांबलं तिचं. माझ्याकडं बघून म्हणाली, "त्या एकवीस जणांतले असे आजोळी जन्मलेले किती, विचारलंत?"

 मला तेव्हा जेवणही सुचेना आणि दिवस मावळलासुद्धा. आज निरंकार उपवास घडला.

मंगळवार, २ सप्टेंबर
साखर १४१.

सकाळी आठला आदितीनं एकवीसपैकी उरलेल्या वीस जणांना अंगणात बोलावलं. पिवळ्या हेल्मेटवालेही चौघं. मी बाजूला उभा. तिनं एकच विचारलं, "आईच्या माहेरी जन्मलेला, पण राहायला कायम इथं, असं कोण कोण?"

पहिला हात वर यायला वेळ लागला. मग एकेक वर आले. आठ. रेंदाळ, हुपरी, पट्टणकोडोली, हातकणंगले. सगळे थोरले पोरगे. एक तर हातकणंगल्यात स्टेशनच्या मागं राहतो, त्याच्या घरातनं गाडीची शिट्टी ऐकू येते म्हणे. मी त्यांना विचारलं, "अरे, तेव्हाच का नाही सांगितलं?" एकजण हळूच म्हणाला, "मालक, सायबानं फकस्त दाखला मागितला. राहतो कुठं, ते कोण इचारलंच न्हाई."

आठ. म्हणजे चौसष्ट आणि आठ, बहात्तर. पंच्याऐंशीत बहात्तर म्हणजे ऐंशी टक्क्यांच्या वर. कुणालाच हलवायची गरज नव्हती. एकालासुद्धा नाही! सम्राट म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्हाला माहीत असेल." त्याच्यावर ओरडणार होतो. ओरडलो नाही, कारण त्याचं म्हणणं बरोबर होतं.

संध्याकाळी आदिती इलाहीची जुनी फाइल घेऊन आली. आधी दाखल्यावरचं जन्मगाव, सदलगा, म्हणजे त्याच्याही आईचं माहेर. मग खाली, बारीक अक्षरात, राहण्याचा पत्ता. पेठ वडगाव.

वडगाव! शिरोलीपासनं पंधरा मिनिटं. माझी बहीण वारणानगरला असते. तिच्याकडं जाताना वाठारच्या फाट्यावर आम्ही डावीकडं वळतो, वडगाव उजवीकडं. एकतीस वर्षं मी डावीकडंच वळतोय. त्रिशला म्हणाली, "काखेत कळसा, गावाला वळसा." ती हे बोलणार हे मला माहीतच होतं.

सोमवार, ८ सप्टेंबर
साखर बघितली नाही.

आज क्षमावाणी. पर्व संपलं की ज्याला ज्याला दुखावलं असेल त्याच्यापुढं हात जोडून 'उत्तम क्षमा' म्हणायचं. दरवर्षी मी हे फोनवर उरकतो, एक मेसेज सगळ्यांना. सोमवारची सुट्टी होती. गाडी काढली आणि वाठारला उजवीकडं वळलो.

घर सापडायला वेळ लागला नाही. चावडीपाशी विचारलं तर एक म्हातारा म्हणाला, "शिकलगार मिस्त्री व्हय? पावणं, त्ये कोल्लापुरातल्या बेडग्यांच्या फाउंड्रीत हायत, माहिती हाय न्हवं?" मी म्हटलं, माहीत आहे.

इलाही ओट्यावर बसला होता. मला बघून उठला, बसा म्हणाला, आणि आत हाक मारली, "फातिमा, अण्णा आल्यात. पानी उकळलेलं दे. चातुर्मासात त्यास्नी तसलंच लागतंय." मी कधी त्याला हे सांगितलं होतं?

मी हात जोडले. "इलाही, उत्तम क्षमा. चुकलं माझं." सरळ एवढंच म्हणालो. गाडीत मोठं भाषण तयार केलं होतं, ते आठवलंच नाही.

 मग मी विचारायला नको होतं ते विचारलं, "तू तेव्हाच का नाही बोललास, की राहतो वडगावात?"

तेव्हा मात्र त्याचा आवाज चढला. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. "मी सांगायचं व्हय? मी हितला हाय ह्ये मी सांगायचं? अण्णा, मी इचारलं तुमास्नी, आनि काय इचारायचं न्हाई का म्हणून. तुमी म्हणलासा, सगळं ठरलंय. मग मी कशाला त्वांड उघडू? सयाजीअण्णानं पयल्या दिवशी इचारलं, मिस्त्री, पोरं किती, घर कुठं. त्यास्नी माझी गरज हाय म्हणून इचारलं, ह्ये मला कळतंय की. पण इचारलं."

फातिमावहिनी दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्या आत गेल्या नाहीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं.

पाणी प्यायला घेताना खिशातला कागद खाली पडला. माझ्या रहिवासाच्या पुराव्याचा फॉर्म. मला पंधरा वर्षांहून जास्त ओळखणाऱ्या एका स्थानिक माणसाची साक्ष त्यावर लागते. इलाहीनं उचलला, लांब धरून वाचला.

"तुमी भायरचं निगालासा?"

"बेडकिहाळचा. आईचं माहेर."

त्याच्या मिशीत जरा हललं. "आना पेन हिकडं."

त्यानं मला एक शब्द विचारला नाही. अण्णासो बाबगोंडा बेडगे, लिहिलं. शाहूपुरी, चौथी गल्ली, घर नंबरसकट लिहिलं. वास्तव्य किती वर्षांचं, तिथं म्हणाला, "आई तुमास्नी सवा महिन्याचं घिऊन आलीती, त्या एकदा बोलल्या हुत्या," आणि तेही बरोबर लिहिलं. खाली साक्षीदाराचं नाव. म्हटलं, त्याला त्रास नको, ते मी लिहितो. पेन घेतलं. 'इलाही' लिहिलं आणि थांबलो. मधलं नाव. एकतीस वर्षं ज्याच्याबरोबर चहा प्यालो त्याच्या बापाचं नाव मला ठाऊक नव्हतं.

इलाही माझ्या हाताकडं बघत होता. "कासीम," तो म्हणाला.

मी लिहिलं. पत्ताही त्याला विचारून लिहिला. त्यानं सही केली.

निघताना म्हटलं, "येशील?" तो म्हणाला, "आधी त्या चौघांची नावं परत चढवा. खंडेनवमीच्या पूजेला येतो. एकतीस वर्षं चुकली न्हाई. कामाचं मग बगू."

शनिवार, २० सप्टेंबर
साखर १२९.

पाचही नावं परत कायम यादीत, मधे एका दिवसाचाही खंड न धरता. ठेकेदाराला नारळ दिला. अर्ज नव्यानं गेला. पंच्याऐंशी कामगार, त्यातले स्थानिक इलाही धरून त्र्याहत्तर. राहिलेले बारा खरोखर पलीकडनं मोटारसायकलवर येतात. तेही आमचेच, सरकारनं मोजो न मोजो. कार्यालयातला साहेब म्हणाला, आता अडचण दिसत नाही. आणि अडचण आली तरी मी हलणार नाही, हे त्यालाही ऐकवलं. आदिती म्हणाली, "पप्पा, तिथं बाकं नव्हती वाजवायला."

पेपरातला फोटो काढला, जुना परत लावला. थोरल्या अण्णांच्या शेजारी इलाही, काळे कुळकुळीत केस.

आता रोज चारला मी स्वतः खाली जातो आणि वाळूची मूठ घेतो. जमतंय मला. शंभरात नऊच टाकाऊ.

बुधवार, १ ऑक्टोबर
खंडेनवमी.

भट्टी धुतली, हत्यारं मांडली, झेंडूच्या माळा लागल्या. आमच्याकडं पहिला नारळ सगळ्यांत जुना कामगार फोडतो. पूजेच्या पाटावर फावडी, ठोकणी, मोजपट्ट्या होत्या. त्यांच्यात मी पांढरं हेल्मेट आणि कार्ड नंबर तीन ठेवलं, हळदकुंकू लावून. त्रिशला बघत होती. काही बोलली नाही, ही पहिलीच वेळ.

दहा वाजले, साडेदहा झाले. लोक माझ्याकडं बघायला लागले. सम्राट म्हणाला, काका, मुहूर्त टळतोय, तुम्हीच फोडा. मी म्हटलं, टळू दे.

पावणेअकराला वॉचमननं पुढचं फाटक पूर्ण उघडलं. गाडीसाठी उघडतो तसं. इलाही आणि फातिमावहिनी आत आले. त्यानं पांढरा सदरा घातला होता. पाटाकडं आला नाही. सगळ्यांच्या मधनं सरळ वाळूच्या ढिगाकडं गेला, सणाच्या कपड्यात वाकला, मूठ भरली, दाबली, आणि माझ्यापुढं येऊन उभा राहिला. पेपर नव्हता, म्हणून मी हात पुढं केला. माझ्या तळहातावर त्यानं गोळा ठेवला आणि मधोमध दाबला. मोडला नाही. वाकला.

"पानी लई झालंय," सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला. "कोण बगत हुतं हितं?"

"मी बघत होतो."

"तरीच."

अख्खी फाउंड्री हसली. आदिती तर भिंतीला टेकली. इलाही हसला नाही. त्यानं पाटावरचं कार्ड उचललं, सदऱ्याच्या टोकानं त्यावरचं कुंकू पुसलं, खिशात टाकलं, आणि नारळ कुठं हाय म्हणून विचारलं.